दुहेरी कुलूप आणि खेळाचे अंगण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी दूरध्वनीवरून आम्हांस विषय विचारला. आम्ही तो सांगितला, आणि पलीकडून क्षणभर काहीच उत्तर आले नाही. सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, फार तर छत्तीसगडातील भोसलेकालीन मराठी वस्ती, अशा विषयांची अपेक्षा असते. मुलांच्या मोबाइलवरील खेळांच्या खात्यांना एक कुलूप असावे की दोन, हा विषय त्या पंक्तीत बसत नाही हे आम्ही जाणतो. शिवाय आम्ही कलाशाखेचे पदवीधर. संगणकाच्या शास्त्राशी आमचा संबंध कार्यालयातील टेबलापुरता. तथापि गेल्या दोन वर्षांत आमच्या स्वतःच्या घरात या प्रश्नावरून जे घडले, ते येथील वडीलधाऱ्यांच्या कानी घालावे असे आम्हांस वाटले. तरुण मंडळींना यांतील पुष्कळसे ठाऊक असेल. त्यांनी आमच्या चुका ऐकून खुशाल हसावे.

आमचे वडील १९५८ साली भंडाऱ्याकडून येथे आले. कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, ती त्यांनी गर्दीत उभे राहून पाहिली होती. कारखाना उभारणाऱ्या कामगारांच्या छावण्या म्हणून जी वस्ती पडली, तिला 'कॅम्प' हे नाव मिळाले; छावणी गेली, नाव राहिले. आमच्या बालपणी या कॅम्पात खेळ म्हणजे विटीदांडू आणि गोट्या. विटी नाल्यात गेली तर दुसरी तासता येई. संध्याकाळी खेळ संपला की त्यातले काही मागे उरत नसे, आणि म्हणून त्याला कुलूप लावण्याचा प्रश्नही नव्हता. आजच्या मुलाचा खेळ मात्र एका खात्यात साठत जातो. त्याची चढलेली पायरी, जिंकलेली शस्त्रे, पैसे देऊन घेतलेले पोशाख, आणि ज्यांचा चेहराही त्याने पाहिलेला नाही असे दूरदूरच्या गावांतील सवंगडी, हे सारे त्या खात्यात असते. जे साठते ते चोरीस जाऊ शकते, हा जगाचा जुनाच न्याय आहे.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. चार वर्षे तो एकच खेळ खेळत आला होता. दिवाळी, रक्षाबंधन, आजीने हातावर ठेवलेले पैसे, यांतून त्याने त्या खेळात किती घातले याचा हिशेब त्याने आम्हांस पुढे सांगितला, आणि तो ऐकून त्याच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला. दिवाळीच्या सुटीत त्याला एक संदेश आला. एक दुर्मिळ पोशाख फुकट मिळणार होता, त्यासाठी अमुक ठिकाणी आपले नाव आणि परवलीचा शब्द भरावयाचा होता. पान हुबेहूब खऱ्यासारखे होते. त्याने शब्द भरला. पाव तासात त्याच्या खात्याचा शब्द बदलला, त्यामागचा ईमेल बदलला, आणि चार वर्षांच्या घरातून तो बाहेर फेकला गेला. रात्री साडेअकराला त्याने आमचे दार ठोठावले. मुलगा सोळा वर्षांचा. रडावे तर लाज, न रडावे तर घसा दाटलेला. "काका, काही करता येईल का?" एवढेच म्हणाला.

आम्ही सरकारी नोकर. पत्रव्यवहार हाच आमचा धर्म. कंपनीला आम्ही सहा पत्रे लिहिली. कंपनीने पहिल्या खरेदीची पावती मागितली; ती खरेदी पॉवर हाउसजवळच्या एका दुकानातून रोखीने घेतलेल्या व्हाउचरने झाली होती, पावती कोण ठेवतो? शेवटी खेदाचे उत्तर आले. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. जो स्वतःला मालक म्हणवितो तोच खरा मालक हे तिने तरी कशावरून ओळखावे? तिच्यापाशी ओळखीची एकच खूण होती, आणि ती खूण चोराने नेली होती.

'परवलीचा शब्द' हा आपल्याकडे लष्करी चौकीवरचा शब्द. अंधारात पहारेकरी विचारतो, येणारा तो उच्चारतो, आणि वाट मोकळी होते. त्यात एक मूळचेच वैगुण्य आहे. शब्द ज्याने ऐकला त्याच्याही तो तितकाच कामाचा. संगणकावर अशा शब्दाचा उपयोग १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने केला. एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरावयाचे, म्हणून प्रत्येकाचा कप्पा वेगळा राखण्यासाठी तो होता. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या तेथीलच संशोधकाने, आपल्या वाट्याचा वेळ पुरत नाही म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादी छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम उरकले. म्हणजे परवलीच्या शब्दाची चोरी ही जवळजवळ त्या शब्दाइतकीच जुनी, आणि ती करणारा कोणी दरोडेखोर नव्हता, कामाचा खोळंबा झालेला एक अभ्यासू मनुष्य होता. ही गोष्ट आम्हांस फार उद्बोधक वाटते, ते का ते पुढे कळेल.

खेळांच्या जगात तर या शब्दांची दैना विचारू नये. २००९ च्या डिसेंबरात रॉकयू या कंपनीकडील तीन कोटींहून अधिक शब्द बाहेर पडले. ही कंपनी सामाजिक माध्यमांवरील खेळ आणि करमणुकीची साधने पुरवीत असे, आणि तिने हे शब्द कोणत्याही गुप्तलिपीविना जसेच्या तसे साठवले होते. त्यांत सर्वांत लोकप्रिय शब्द निघाला एक दोन तीन चार पाच सहा. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन जाळ्यातून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती गेली आणि ते जाळे तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिले. गंमत अशी की त्याच जाळ्यावर दुसऱ्या कुलपाची सोय व्हावयास २०१६ चा ऑगस्ट उजाडला. चोरी झाल्यावर कुलूप आणण्यास पाच वर्षे! आमच्या खात्यात एखादी फाइल पाच वर्षे पडून राहिली तर वर्तमानपत्रे आम्हांस सोडत नाहीत. असो.

दुसरे कुलूप म्हणजे काय, हे आम्हांस कोणा तज्ज्ञाने समजावून सांगावे लागले नाही, कारण आमची सारी नोकरी लेखापरीक्षणात गेली आणि कोषागाराची खोली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. कोषागारात एक दुहेरी कुलपाची खोली असते. तिला दोन कुलुपे, दोन चाव्या. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे हजर असल्याविना दार उघडत नाही. मुद्रांकांचा मोठा साठा तेथे राहतो. परंतु, आणि हा 'परंतु' महत्त्वाचा आहे, दररोजच्या विक्रीला लागेल तेवढाच माल खजिनदाराच्या एकट्याच्या ताब्यात, एकेरी कुलपात दिलेला असतो. खिडकीवर आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला मुद्रांक देण्यासाठी अधिकाऱ्याने चावी घेऊन उठावे, असे कोणी म्हणत नाही. तसे केले असते तर महिनाभरात अधिकाऱ्याने आपली चावी खजिनदाराच्या मेजावर ठेवून दिली असती, आणि दुहेरी कुलूप कागदावर उरले असते. आम्ही कल्पनेने बोलत नाही. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका तपासणीला आम्ही गेलो असता दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात, एकाच कमरेला लटकताना पाहिल्या आहेत. गाव कोणते ते सांगत नाही. संबंधित गृहस्थ अत्यंत प्रामाणिक होते, एक पैसा कमी नव्हता, "साहेब, रोज किती वेळा त्यांना उठवायचं?" हे त्यांचे उत्तर होते. आम्ही आक्षेप नोंदविला. पण त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या आक्षेपात नव्हते, ही रुखरुख आज तीस वर्षांनीही आहे.

खेळाच्या कंपन्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. ब्लिझार्ड कंपनीने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळासाठी २००८ साली एक किल्लीच्या कडीत अडकवावयाचे छोटे यंत्र साडेसहा डॉलरला विकावयास काढले. बटण दाबले की ते आकडे दाखवी, आणि परवलीच्या शब्दासोबत तेही आकडे भरावे लागत. यंत्र चांगले, पण लोकांनी ते लावावे कसे? मग ते लावणाऱ्यास खेळात एक पाळीव पिल्लू बक्षीस देण्यात आले. 'फोर्टनाइट'वाल्यांनी २०१८ मध्ये दुसरे कुलूप लावणाऱ्यास एक नाच फुकट दिला, म्हणजे त्याच्या खेळातील पात्राने करावयाचा नाच. एरंडेल घेतल्यावर आमच्या आईने हातावर साखर ठेवावी, तसाच हा प्रकार. आम्हांस याचे हसू आले, पण त्यात मनुष्यस्वभावाची जी ओळख आहे ती पुष्कळ सरकारी परिपत्रकांत नसते.

यांत सर्वांत विचारपूर्वक केलेली व्यवस्था आम्हांस वाल्व्ह या कंपनीची वाटली. तिच्या 'स्टीम' नावाच्या बाजारात खेळ विकत मिळतात, आणि खेळांतील वस्तूंची देवघेवही चालते. २०१५ च्या डिसेंबरात कंपनीने उघडपणे सांगितले की दरमहा सुमारे ७७ हजार खाती लुटली जात आहेत, आणि लुटले जाणारे केवळ नवशिके नाहीत, मुरलेले खेळाडूही त्यांत आहेत. कंपनीने काय केले? खेळण्यावर बंधन घातले नाही. ज्याने मोबाइलवरील दुसरे कुलूप लावलेले नाही, त्याने वस्तू दुसऱ्यास देऊ केली तर ती काही दिवस अडवून धरावयाची, एवढेच केले. तेवढ्या अवधीत खऱ्या मालकास जाग येते. खेळण्यास एकेरी कुलूप, वस्तू बाहेर नेण्यास दुहेरी. आमच्या कोषागाराच्या नियमावलीहून हे निराळे नाही.

आता आमच्या घरी काय झाले ते ऐका. पुतण्याचे खाते गेल्यावर आम्ही, घरातील ज्येष्ठ आणि त्यातून लेखापरीक्षक, एक फतवाच काढला. घरातील यच्चयावत खात्यांना दुसरे कुलूप. मुलाने नवे खाते उघडले तेव्हा त्याची दुसरी चावी, म्हणजे संदेशाने येणारा ओटीपी, आम्ही आमच्या मोबाइल क्रमांकावर घेतला. अल्पवयीन मुलांसाठी पालकांचा क्रमांक मागणारे खेळही आहेत. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ २०२१ साली आला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंकडून त्याने तो मागितला होता. तेव्हा आमचे करणे रीतीला धरूनच होते, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. शिवाय यंत्राने आपला मोबाइल ओळखीचा मानून प्रत्येक वेळी आकडे मागू नयेत, अशी जी सोय असते, तीही आम्ही बंद करविली. दर वेळी आकडे. दर वेळी काका.

संध्याकाळी पाचला मुलास खेळावयाचे असे, आणि आम्ही त्या वेळी रायपूरला बैठकीत. मोबाइल खिशात थरथरे. कधी आम्ही आकडे कळवीत असू, कधी बैठक संपेपर्यंत त्यांची मुदत टळून जाई. आणि एक गोष्ट येथे कबूल केली पाहिजे. परीक्षा जवळ येऊ लागली तसा आमचा मोबाइल अधिकाधिक वेळा बैठकीत असू लागला. चावी हाती आहे, तर तिचा उपयोग अभ्यासासाठी का न करावा? तीन महिन्यांत मुलाने आकडे मागणेच सोडले. त्याचा नाद सुटला म्हणून आम्ही घरात थोडी प्रौढीही मिरविली.

पुढे गणेशोत्सवात, याच मंडपात, त्याच्या एका मित्राने आमच्यादेखत त्याचे अभिनंदन केले. खेळात तो फार वरच्या पायरीला पोचला होता. चौकशीअंती कळले की मित्राच्या घरी पडून असलेल्या जुन्या क्रमांकावर त्याने दुसरेच खाते उघडले होते. त्याचा परवलीचा शब्द तीन मित्रांना ठाऊक, दुसरे कुलूप नाही, आणि खात्यात पुन्हा थोडे पैसे घातलेले. म्हणजे पहिल्या खेपेस चोरी झाली त्याहून दार अधिक सताड उघडे. आम्ही रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमचं कुलूप चोरासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं."

त्या रात्री आम्हांस रायगडावरची हिरकणी आठवली. आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे मिटले. दूध घालावयास आलेली गवळण वर अडकली. खाली वाडीत तान्हे मूल. पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही, त्यांचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. ती बाई कड्यावरून उतरून गेली. लहानपणापासून आपण या कथेत आईची माया पाहत आलो. पण तिला दुर्गरक्षणाचीही एक बाजू आहे. ज्या कड्यावर पहाऱ्याची गरज कोणास वाटली नव्हती, तेथे वाट आहे हे कोणा हेराने नव्हे, घरी जाण्याची निकड असलेल्या आपल्याच माणसाने दाखवून दिले. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि तेथे बुरूज बांधविला. बंद दारापुढे खोळंबलेला आपला माणूस कडा शोधतोच. एमआयटीतला तो संशोधक, चाव्यांचे जुडगे कमरेला लावणारे ते प्रामाणिक खजिनदार, आणि आमचा पुतण्या, तिघेही त्याच कड्यावरून उतरले. आम्ही मात्र बुरूज बांधण्याऐवजी मुलावर ओरडत होतो.

पैशाच्या बाबतीत हा विवेक आपल्या देशात बऱ्यापैकी साधला गेला आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ च्या फेब्रुवारीत परिपत्रक काढून, कार्डाने इंटरनेटवर केलेल्या खरेदीस १ ऑगस्ट २००९ पासून दुसरी खूण सक्तीची केली. त्या वेळी व्यापाऱ्यांनी पुष्कळ कुरकुर केली. गिऱ्हाईक अर्ध्यावरून परत जाते म्हणाले. पण त्याच बँकेने पुढे लहान रकमांना मोकळीकही दिली. कार्ड नुसते यंत्रासमोर धरून, पिन न देता, २०१५ पासून २ हजार रुपयांपर्यंत आणि १ जानेवारी २०२१ पासून ५ हजारांपर्यंत देता येऊ लागले. यूपीआय लाइटमध्ये तर आधीच वेगळी काढलेली छोटी रक्कम असते, आणि तीतून पिनविना भाजीवाल्यास पैसे जातात. हा खजिनदाराचा गल्लाच झाला. गेला तर तेवढाच जाईल. खोली सुरक्षित आहे. खेळाच्या खात्याकडे पाहतानाही हा गल्ला आणि खोली यांतील भेद डोळ्यांपुढे असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. टाळेबंदीत घरोघरी पोचलेला 'लुडो किंग' हा नवी मुंबईतील कंपनीचा खेळ आमच्या मातोश्री पाहुणा म्हणून, नाव न नोंदविता खेळतात. तेथे साठत काही नाही, तर कुलूप कशास? पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यानेच बंदी आणली, तेव्हा त्यांचा विचार येथे नको.

खोली कोणती, हे ओळखण्यात मात्र आमची सुरुवातीस फसगत झाली होती. आम्ही खेळाला कुलूप लावीत बसलो. वस्तुतः पुष्कळ खेळांना स्वतःचे दारच नसते. गूगल किंवा फेसबुकच्या खात्यातून आत जाता येते. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली, आणि पुढील वर्षी त्याच धर्तीचा नवा खेळ आला. तेव्हा जुने सारे नव्यात नेण्याची मुभा होती, पण त्यासाठी ज्या खात्यातून जुना खेळ उघडत असे त्याची चावी हवी होती. म्हणजे खेळ बंद पडला, तरी साठा ज्याच्या हाती टपालखाते त्याचाच राहिला. ज्या पेटीत 'परवलीचा शब्द विसरलात काय' याची उत्तरे येतात, ती ईमेलची पेटी हीच दुहेरी कुलपाची खोली. तिला दुसरे कुलूप लावताना सोयीचा विचार करण्याचे कारण नाही, कारण ते दर वेळी उघडावे लागतच नाही. एकदा आपला मोबाइल ओळखीचा झाला की ते नव्या, अनोळखी यंत्रावरच आडवे येते. चोर नेमका अनोळखी यंत्रावरून येतो. ओळखीच्या यंत्राची जी सोय आम्ही हट्टाने बंद केली होती, तीच या साऱ्या व्यवस्थेचा प्राण होती, हे आम्हांस उशिरा उमगले.

राहिली दुसरी चावी कोठे ठेवावी ही गोष्ट. ओटीपी सोयीचा खरा, पण तो मोबाइल क्रमांकाला बांधलेला आहे, आणि क्रमांक म्हणजे मनुष्य नव्हे. दुसऱ्याच्या नावाचे सिम फसवणुकीने काढून घेऊन ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्या ट्विटर खात्यावरून भलतेसलते लिहिले गेले. आपल्याकडे त्याहून साधी अडचण येते. या सभेत निवृत्त मंडळी पुष्कळ आहेत. कार्यालयाने दिलेले सिम निवृत्तीच्या दिवशी हारतुऱ्यांसोबत परत जाते, आणि नातवाच्या खेळापासून स्वतःच्या ईमेलपर्यंत सारे त्या क्रमांकावर बांधलेले राहते. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनी दुसऱ्यास मिळू शकतो. मग आपली चावी कोणा अनोळखी गृहस्थाच्या खिशात थरथरू लागते. त्यापेक्षा मोबाइलमध्येच दर तीस सेकंदांनी सहा नवे आकडे तयार करणारी जी साधने आहेत, ती बरी. त्यांस सिम लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. आत साठविलेले एक गुपित आणि घड्याळ, एवढ्यावर ती चालतात. पण तीही सर्वशक्तिमान नव्हेत. खोट्या पानावर मुलाने शब्दासोबत ते आकडेही भरले, तर चोर त्याच अर्ध्या मिनिटात आत शिरू शकतो. फुकट पोशाखाचा मोह कोणत्याही यंत्रात मोडत नाही.

आणि मोबाइलच पाण्यात पडला तर? येथे पुन्हा कोषागार कामास येते. दुहेरी कुलपाच्या जादा चाव्या मोहोरबंद पाकिटात अन्यत्र ठेवतात, आणि वर्षातून एकदा ते पाकीट मागवून, चाव्या पाहून, पुन्हा मोहोर करून परत पाठवितात. दुसरे कुलूप लावताना बहुतेक खाती काही राखीव आकडे देतात. ते आपण 'नंतर पाहू' म्हणून पुढे सरकवितो. तीच ती जादा चावी. कुलूप लावूनही ज्यांची खाती गेली अशी जी माणसे आम्हांस भेटली, त्यांतील बहुतेकांकडे चोर आलाच नव्हता. त्यांचा मोबाइल फुटला होता.

आमच्या घरची व्यवस्था आता अशी आहे. पुतण्याचे खाते त्याचे, आणि त्याची दुसरी चावीही त्याच्याच मोबाइलमध्ये. आमचा क्रमांक आम्ही स्वहस्ते काढून घेतला. मित्राच्या क्रमांकावरील ते खाते त्याने स्वतः बंद केले. आम्ही सांगितले नव्हते. खेळावयास बसताना त्याला कोणी काही विचारीत नाही. खरेदी करताना आणि नव्या यंत्रावर जाताना आकडे द्यावे लागतात. अभ्यासाचे बोलणे आता अभ्यासाच्या नावानेच होते, आणि ते आम्हांस पूर्वीपेक्षा जड जाते, कारण त्याला तोंडाने सांगावे लागते. राखीव आकड्यांचा कागद आमच्या सौभाग्यवतींच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांबरोबर. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही तपासणीस म्हणून पाकीट मागितले, तेव्हा त्यांनी आधी कारण विचारले. कारण सांगणे भाग पडले. नवा मोबाइल घेतल्यावर आमच्या स्वतःच्या ईमेलमध्ये आम्हांस शिरता येत नव्हते. पुतण्याने शेजारी बसून, एकही शब्द न बोलता, त्या कागदावरील एका ओळीवर रेघ मारली आणि दार उघडून दिले.

सभा संपल्यावर तो त्या दाराजवळच्या मेजापाशी बसणार आहे. ज्यांना आपल्या मोबाइलवर ही व्यवस्था करून घ्यावयाची असेल, त्यांनी त्याच्याकडे जावे. मात्र येताना आपल्या घरातील मुलास बरोबर आणावे, आणि आकडे लिहावयास मंडळाने कागद ठेवले आहेत ते घ्यावेत. परवलीचा शब्द त्यास सांगू नये. तो स्वतःच कोणास तो सांगू देत नाही.